श्वानांचे कान : रूप आणि श्रवण

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त वेस्ट मांबलम येथे पालक व माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर मुख्याध्यापिका बोलावयास उभी राहिली, की शाळेचा इतिहास, निकालांची परंपरा आणि तमिळ मुलखातील मराठीची वाटचाल या विषयांची अपेक्षा श्रोत्यांनी करावी, हे स्वाभाविक आहे. त्या विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलणार आहेत आणि लिहिणारही आहेत. मी मात्र आज आपल्यापुढे कुत्र्यांचे कान हा विषय घेऊन उभी आहे. आपल्या चेहऱ्यांवरील स्मित मला इथून दिसते आहे; तरीही विषय मी विचारपूर्वक निवडला आहे.

आमच्या विज्ञान मंडळाच्या प्रश्नपेटीत एका विद्यार्थ्याने चिठ्ठी टाकली होती. तीत दोन प्रश्न होते. पहिला, आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचे कान उभे आणि लॅब्रडॉरचे कान पडलेले, असे का? दुसरा, या दोघांपैकी जास्त कोणाला ऐकू येते? प्रश्न साधे दिसतात, पण पहिल्याचे उत्तर माणसाच्या इतिहासात सापडते आणि दुसऱ्याचे कानाच्या आतील रचनेत. ही दोन उत्तरे आपण सहसा एकमेकांत मिसळतो. कानाचे रूप पाहून श्रवणाचा अंदाज बांधतो. त्या गोंधळातून मुक्या प्राण्यांची, आणि कधी कधी आपल्या मुलांचीही, हानी होते. तेवढी एक गोष्ट आज मला सांगावयाची आहे.

मी भाषेची शिक्षिका आहे, म्हणून आरंभ भाषेपासून करते. आपल्या मराठीने कानाला केवढे काम दिले आहे पाहा. आपण कान टवकारतो, कानाडोळा करतो, कोणाचे कान उपटतो, कोणाचे कान फुंकतो. एखादा माणूस हलक्या कानाचा असतो, तर एखादी बातमी कर्णोपकर्णी होते. यांतला ‘कान टवकारणे’ हा प्रयोग माणसाचा नव्हेच. आपल्या कानांमागचे स्नायू जवळजवळ निकामी झालेले आहेत; आपण कान टवकारू शकत नाही. हा शब्द आपण दारातल्या कुत्र्याकडून आणि गोठ्यातल्या गुराकडून उसना घेतला. कुत्र्याच्या प्रत्येक कानाला हलविणारे स्नायू डझनाहून अधिक आहेत. एक कान पुढे आणि दुसरा मागे, असे तो सहज करू शकतो. म्हणजे आपल्या पूर्वजांनी कुत्र्याचा कान नीट निरखला होता, याची साक्ष भाषेनेच राखली आहे.

आता रूपांकडे वळू. श्वानतज्ज्ञांनी कानांचे जे प्रकार मानले आहेत, त्यांतील मुख्य तेवढे सांगते. पहिला उभा कान : जर्मन शेफर्ड, हस्की आणि आपल्याकडे घरोघरी ‘पॉमेरेनियन’ म्हणून ओळखला जाणारा पांढरा स्पिट्झ. याच उभ्या कानाचे टोक रुंद व गोलसर असले की तो वटवाघळी कान म्हणविला जातो. फ्रेंच बुलडॉगचे कान तसे. दुसरा अर्धा उभा कान, ज्याचे केवळ टोक पुढे झुकते; कॉली या मेंढपाळी कुत्र्याचा कान असा असतो. तिसरा गुंडीसारखा कान : कानाची पाळी पुढे दुमडून कानाचे भोक झाकते, फॉक्स टेरियरमध्ये तो दिसतो. चौथा गुलाबकळीसारखा कान : लहान, मागे वळलेला आणि आतली कडा किंचित दाखविणारा, ग्रेहाउंडचा कान याचे उदाहरण. पाचवा लोंबता कान : लॅब्रडॉर, बीगल, स्पॅनियल आणि या सर्वांवर ताण करणारा बॅसेट हाउंड, ज्याचे कान पाहिले की संस्कृतातला ‘लंबकर्ण’ हा शब्द आठवतो. पॅपियाँ नावाची एक चिमुकली जात आहे. फ्रेंच भाषेत पॅपियाँ म्हणजे फुलपाखरू. तिचे झालरदार उभे कान पाहून हे नाव पडले. म्हणजे अख्ख्या जातीला कानावरून नाव मिळाले!

एवढी विविधता आली कोठून? कुत्र्याचा पूर्वज लांडगा, आणि प्रौढ लांडग्याचे कान उभेच असतात. कोल्हा, खोकड, रानकुत्रा ही सगळी भावंडे उभ्या कानांचीच. हत्ती बाजूला ठेवला, तर लोंबत्या कानांचा वन्य प्राणी सांगा म्हटले की आपण विचारात पडतो. उलट पाळीव प्राण्यांत शेळी, मेंढी, डुक्कर, ससा, गाय, कुत्रा, ज्यात म्हणाल त्यात कुठे ना कुठे लोंबत्या कानांची जात आहे. ही विसंगती चार्ल्स डार्विनच्या नजरेतून सुटली नाही. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्याने तिचा उल्लेख केला आहे. पाळीव प्राण्याला शत्रूची चाहूल घेण्याची निकड उरत नाही, म्हणून कानाचे स्नायू वापराविना दुबळे झाले असावेत, असे एक मत त्याने तेथे नोंदविले.

या प्रश्नाला पुढे अनपेक्षित दिशा मिळाली ती सायबेरियात. नोव्होसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रदीर्घ प्रयोग आरंभिला. पिंजऱ्यात जन्मलेल्या कोल्ह्यांपैकी जे माणसाला कमी घाबरतात, कमी गुरगुरतात, तेवढेच निवडून त्यांची पुढची पिढी वाढवावयाची, हा त्याचा एकमेव नियम होता. कानाकडे, रंगाकडे, शेपटीकडे पाहून निवड केली नव्हती. तरीही काही पिढ्यांनंतर काही पिल्लांचे कान अधिक काळ पडलेले राहू लागले, कपाळावर पांढरे ठिपके आले, शेपट्या वळू लागल्या. या निष्कर्षांविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. ते कोल्हे मूळचे फर-व्यवसायासाठी आधीच पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले होते, हा आक्षेप महत्त्वाचा आहे. परंतु स्वभावाची निवड करता करता रूपही बदलू शकते, ही शक्यता त्या प्रयोगाने जगापुढे ठेवली.

याचे स्पष्टीकरण म्हणून २०१४ मध्ये एक उपपत्ती मांडली गेली. गर्भाच्या पाठीच्या कण्यालगत काही पेशी जन्म घेतात आणि तेथून शरीरभर प्रवासाला निघतात. त्यांतून कातडीचे रंगकण तयार करणाऱ्या पेशी बनतात, चेहऱ्याची हाडे व कूर्चा घडते, आणि संकटात धावपळ करावयास लावणारे संप्रेरक स्रवणाऱ्या ग्रंथीचा भागही बनतो. माणसाने शांत स्वभाव निवडला म्हणजे नकळत या पेशींचा तुटवडा निवडला. म्हणून कूर्चा मऊ पडून कान झुकतात आणि रंग नसलेले पांढरे पट्टे येतात, असे ही उपपत्ती सांगते. ती सर्वमान्य झालेली नाही. पण रंगपेशींच्या प्रवासाचा हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा. थोड्या वेळाने त्याचे काम पडणार आहे.

यापलीकडे, जाती घडविताना माणसाने हेतुपुरस्सरही कान निवडले. कुत्र्याच्या दहाव्या गुणसूत्रावर ‘एमएसआरबी३’ नावाच्या जनुकाच्या परिसरात उभ्या व लोंबत्या कानांचा मुख्य भेद दडलेला आहे, असे अलीकडच्या संशोधनातून दिसले. याच जनुकातील दोषामुळे माणसांत एका प्रकारचा आनुवंशिक बहिरेपणा येतो. निसर्गात बाहेरच्या पाळीची आणि आतल्या श्रवणाची सूत्रे कशी शेजारी शेजारी गुंफलेली असतात, ते यावरून ध्यानात येईल.

ही झाली जगाची गोष्ट. आता आपल्या अंगणात या. आर्य गौडा रस्त्यावर, अयोध्या मंडपमच्या आसपास, दुपारच्या सावलीत पहुडलेली जी गावठी कुत्री आपण पाहता, त्यांचे कान पाहा : बुडाशी रुंद, टोकाला निमुळते, उभे. भारतीय उपखंडातील ही देशी कुत्री कोणा संस्थानिकाने किंवा श्वानमंडळाने घडविलेली नाहीत. ऑस्ट्रेलियातील डिंगो आणि आफ्रिकेतील बसेंजी यांच्याशी त्यांच्या चेहरेपट्टीचे साम्य आहे ते याचमुळे. माणसाने निवडीचा हात फारसा फिरविला नाही, तेथे कान उभाच राहिला.

जेथे हात फिरविला, तेथील उदाहरणेही दक्षिणेतच आहेत. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी श्वानांच्या चार जातींवर चार तिकिटे काढली : हिमालयीन मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजपाळयम. त्यांतील दोन आपल्या विशेष जिव्हाळ्याच्या. मुधोळ आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असले, तरी ते घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान. तेथील श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी या शिकारी कुत्र्यांच्या पैदाशीकडे आस्थेने लक्ष पुरविले. महाराष्ट्रात दख्खनच्या पठारावर याच कुत्र्याला कारवानी म्हणतात. लांब निमुळते डोके, खोल छाती, बारीक कंबर आणि कवटीलगत लोंबणारे मध्यम आकाराचे कान हे त्याचे रूप. हा नजरेने शिकार करणारा, वेगाने धावणारा कुत्रा. धावताना त्याचे कान मागे मानेला चिकटतात. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, आणि २०१६ मध्ये या जातीची पिल्ले भारतीय सेनेच्या मीरत येथील केंद्राने प्रशिक्षणासाठी घेतली.

दुसरी जात राजपाळयम, तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातील त्याच नावाच्या गावची. दुधासारखा पांढरा रंग, गुलाबी नाक आणि दुमडून लोंबणारे कान. तिच्याच जोडीला चिप्पिपारै, कन्नी आणि तेनी जिल्ह्यातील कोंबै. आपल्यापासून जवळ, सैदापेठेत, राज्य सरकारचे देशी श्वानांचे पैदास केंद्र अनेक वर्षे होते, हे येथील जुन्या रहिवाशांस ठाऊक असेल. २०२० च्या ऑगस्ट महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या सर्व जातींचा नामोल्लेख केला आणि शहरी कुटुंबांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. देशी जातींचा आदर वाढला ही आनंदाची गोष्ट होय. परंतु आदराबरोबर मागणी येते, आणि मागणीबरोबर रूपाचा आग्रह येतो.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो : जास्त कोणाला ऐकू येते?

कानाची पाळी हे ध्वनी गोळा करणारे नरसाळे आहे. उभी, फिरती पाळी आवाजाची दिशा हुडकण्यास मदत करते यात संशय नाही. पण ऐकणे पाळीत होत नाही. पाळीपासून निघालेली नळी कुत्र्यात आधी खाली आणि मग काटकोनात आत वळते. तेथे पडदा, त्यामागे तीन इवलीशी हाडे, आणि त्यांच्याही मागे गोगलगाईच्या शंखासारखा आंतरकर्ण. खरे श्रवण त्या शंखात होते. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याची मर्यादा सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत जाते. आपल्याला न ऐकू येणारी शिट्टी त्याला ऐकू येते ती यामुळे. आता विचार करा, चिवावाचे कान केवढे उभे आणि सेंट बर्नार्डचे केवढे पडलेले! १९८३ मध्ये हेफ्नर या संशोधकांनी चिवावा, डॅक्सहुंड, पूडल आणि सेंट बर्नार्ड अशा लहानमोठ्या कुत्र्यांची श्रवणशक्ती मोजली. त्यांच्या शरीरांत आणि कानांच्या पडद्यांत मोठा फरक असूनही, उंच स्वर ऐकण्याच्या मर्यादेत तसा फरक आढळला नाही. म्हणजे लोंबते कान पाहून ‘याला कमी ऐकू येत असेल’ आणि उभे कान पाहून ‘हा तिखट कानाचा’, असे म्हणणे निराधार आहे.

लोंबत्या कानाचा तोटा निराळाच आहे. झाकलेल्या नळीत हवा खेळत नाही, ओल आणि मळ साचतो. २०२१ साली युनायटेड किंग्डममधील पशुवैद्यकीय नोंदींचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उभ्या कानांच्या जातींच्या तुलनेत लोंबत्या कानांच्या जातींत बाह्यकर्णाच्या दाहाची शक्यता सुमारे पावणेदोन पट दिसली. चेन्नईच्या दमट हवेत हे विशेष ध्यानात ठेवावे. घरी लॅब्रडॉर, बीगल किंवा कॉकर स्पॅनियल असेल, तर आठवड्यातून एकदा त्याचा कान उचलून आत पाहावे, हुंगावे. आंघोळीनंतर कोरडा करावा. कुत्रा सारखे डोके झटकतो, पंजाने कान खाजवितो, किंवा कानाला कुबट वास येतो, तर घरगुती तेल न ओतता पशुवैद्याकडे न्यावे. वेपेरीचे मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय १९०३ पासून आपल्या शहरात आहे, हे आपले भाग्य.

आणि आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. राजपाळयम जातीत शुभ्र रंगाचा आग्रह फार जुना आहे; आणि या जातीत जन्मजात बहिरी पिल्लेही जन्मतात. हा योगायोग नव्हे. मघाशी सांगितलेल्या रंगपेशी आठवाव्यात. त्या कातडीत जातात तशा आंतरकर्णातही जातात. तेथे त्यांचे काम रंग देण्याचे नसून, श्रवणपेशींना ज्या द्रवाचा आधार लागतो त्याचे संतुलन राखण्याचे आहे. शुभ्र रंगाची निवड करता करता या पेशी आंतरकर्णापर्यंत पोचल्याच नाहीत, तर जन्मानंतर काही आठवड्यांतच तेथील रक्तवाहिन्यांचा पडदा झिजतो आणि श्रवणपेशी मरतात. डाल्मेशियन या पांढऱ्या-ठिपकेदार जातीत हे फार तपशिलाने अभ्यासले गेले आहे. अमेरिकेतील डाल्मेशियनांपैकी सुमारे ३० टक्क्यांत एका किंवा दोन्ही कानांचा बहिरेपणा आढळला.

अशा पिल्लाचा कान बाहेरून निर्दोष असतो. डौलदार, जातिवंत, हलणारा. ते आपल्या भावंडांबरोबर असते तोवर कोणाला शंकाही येत नाही. कारण भावंडे जागी झाली की तेही जागे होते, ती धावली की तेही धावते. विकत घेणारा रंग पाहतो, नाक पाहतो, कान पाहतो आणि पैसे मोजून पिल्लू घरी आणतो. मग ते हाकेला ओ देत नाही, झोपेत कोणी स्पर्श केला की दचकून चावते, रस्त्यावर मोटारीचा भोंगा त्याला ऐकू येत नाही. घरचे म्हणतात, कुत्रे मठ्ठ आहे, हट्टी आहे. काही महिन्यांनी ते रस्त्यावर सोडले जाते. ज्या शुभ्रतेसाठी त्याला निवडले, तिची किंमत त्या मुक्या जीवाने मोजावी, हे मला न्यायाचे वाटत नाही.

म्हणून कोणी पिल्लू आणणार असाल, तर त्याला भावंडांपासून वेगळे करून, त्याच्या दृष्टीआड, जमिनीला वा हवेला हादरा न देता आवाज करून पाहा. एका कानाचा बहिरेपणा मात्र अशा परीक्षेत उमगत नाही. त्यासाठी मेंदूच्या प्रतिसादाची विद्युत्‌-तपासणी असते. बहिऱ्या जनकांची पुढे पैदास करू नये, एवढा आग्रह ग्राहकांनी धरला, तरी पैदास करणाऱ्यांना विचार करावा लागेल. आणि घरचे कुत्रे बहिरे निघालेच, तर ते टाकून देण्याजोगे नसते. हाताच्या खुणांनी ते उत्तम शिकते. त्याला पट्ट्याविना रस्त्यावर सोडू नये, एवढेच पथ्य.

आपण शिक्षक-पालक आहोत, म्हणून एक शब्द मुलांविषयी. भावंडांना पाहून धावणाऱ्या त्या पिल्लाचे वर्णन मी प्रथम वाचले, तेव्हा मला वर्ग आठवला. एका कानाने कमी ऐकणारे मूल वर्गात असेच वागते. सगळ्यांनी वही उघडली की तेही उघडते. शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहून लिहिते. बाई फळ्याकडे वळून बोलल्या की त्याचे वाक्य निसटते. त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. त्यातून आमची मुले घरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरतात. तेव्हा चुकलेल्या शब्दाचे खापर सहज भाषेवर फोडले जाते. मूल नेहमी एकच बाजू पुढे करून ऐकत असेल, दूरचित्रवाणीचा आवाज वाढवीत असेल, सर्दीनंतर वारंवार कान दुखत असेल, तर शेऱ्याआधी कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे तपासणी व्हावी. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा आणि मध्यकर्णाचा दाह या दोहोंचा समावेश आहे. शासकीय शाळांतील मुलांना ती तपासणी विनामूल्य मिळते. कुत्रा आणि मूल यांची तुलना मी करीत नाही. दिसणारा कान आणि ऐकणारा कान हे दोन आहेत, हे दोन्ही ठिकाणी सारखेच खरे आहे, इतकेच.

रूपाच्या हव्यासाचे दुसरे उदाहरण कान छाटण्याचे. डॉबरमन आणि ग्रेट डेन यांचे कान जन्मतः लोंबते असतात, हे अनेकांना ठाऊकच नसते. चित्रांत दिसणारे ते टोकदार उभे कान शस्त्राने घडविलेले असतात. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाची पाळी कापतात आणि उरलेली कूर्चा ताठ राहावी म्हणून कित्येक आठवडे बांधून ठेवतात. याने श्रवण सुधारत नाही, आरोग्यही सुधारत नाही. कुत्रा अधिक उग्र दिसतो, एवढाच त्याचा उपयोग. इंग्लंडच्या केनेल क्लबने छाटलेल्या कानांचे कुत्रे प्रदर्शनात आणण्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच बंदी केली. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याचे अवयव विच्छिन्न करणे गुन्हा ठरविले आहे. आपल्या परिचयात कोणी डॉबरमन आणणार असेल, तर त्याला त्याच्या स्वतःच्या कानांनिशी वाढू द्यावे, असे आपण सांगू शकतो.

मात्र कानावरचा प्रत्येक छेद हौसेचा नसतो, हेही मुलांना सांगावे. रस्त्यावरच्या काही कुत्र्यांच्या कानाच्या टोकाला खाच दिसते. ती भांडणातली जखम नव्हे. या कुत्र्याची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि त्या वेळी त्याला रेबीजची लस दिली आहे, याची ती खूण. भूल दिलेल्या अवस्थेतच ती केली जाते, म्हणजे तेच कुत्रे पुन्हा पकडले जात नाही. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत ही खूण सांगितली आहे आणि २०२३ च्या नव्या नियमांतही ती व्यवस्था कायम आहे. १९५९ मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या ब्लू क्रॉस ऑफ इंडिया या संस्थेने मारण्याऐवजी जन्मनियंत्रणाचा मार्ग फार लवकर धरला, याचा चेन्नईकर म्हणून आपल्याला अभिमान वाटावा. तथापि लशीचा प्रभाव काळानुसार ओसरतो. खाच दिसली म्हणून चाव्याकडे कानाडोळा करू नये. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला वा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. यात दिरंगाईला जागा नाही.

चावा टाळण्यासाठीही कान वाचता आला पाहिजे. कान पुढे वळून ताठ झाले, की कुत्र्याचे लक्ष कशावर तरी खिळले आहे. कान मागे दाबून कवटीला चिकटविले आणि अंग चोरले, की तो भ्यालेला आहे. आणि भ्यालेला कुत्रा चावतो. कान सैल आणि अंगही सैल, तर तो निवांत आहे. लोंबत्या कानांच्या कुत्र्यात पाळी फारसे सांगत नाही. तेथे कानाच्या मुळाकडे पाहावे, ते पुढे सरकते की मागे खेचले जाते. आणि छाटलेल्या कानांच्या कुत्र्याची ही भाषाच अर्धी झालेली असते. तो भ्याला आहे की सावध आहे, हे माणसालाही कळत नाही आणि इतर कुत्र्यांनाही. मुलांना मी तीन नियम सांगते : खाणाऱ्या, झोपलेल्या वा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावू नये, कुत्रा अंगावर आला तर पळू नये, हात छातीशी घेऊन झाडासारखे स्थिर उभे राहावे, आणि मागील बाजूने कधी जवळ जाऊ नये, कारण त्याला ऐकू येत असेलच असे नाही.

मंडळी, साठ वर्षांच्या वाटचालीत आपल्या शाळेने मुलांना वाचावयास शिकविले. वाचणे म्हणजे केवळ अक्षरे लावणे नव्हे, हे आपण सारे जाणतो. खंडोबाच्या पायाशी आणि दत्तगुरूंच्या सभोवती कुत्र्याला ज्या संस्कृतीने स्थान दिले, त्या संस्कृतीची मुले त्या प्राण्याकडे प्रेमाने पाहतातच. त्या पाहण्याला ज्ञानाची जोड मिळावी, एवढीच माझी इच्छा आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर आणि पशुवैद्य आहेत, त्यांना माझी विनंती आहे की, या महोत्सवी वर्षात शाळेत दोन शिबिरे घ्यावीत : एक विद्यार्थ्यांच्या श्रवणतपासणीचे आणि दुसरे परिसरातील पाळीव कुत्र्यांच्या कानांच्या तपासणीचे व रेबीज लसीकरणाचे. पालकांनी दोन्हींस यावे. तारखा ठरल्यावर सूचनाफलकावर लावण्यात येतील.